खालच्या स्वराची बांसरी
(बुवापाडा येथील ज्युबिली-सभेंत केलेलें भाषण)



गायकवृंदाविषयीं चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आमच्या वृंदांत उंच आवाजाच्या मुलींची वाण नाहीं. उणीव आहे ती खालच्या आवाजाची. विजेच्या पेटीवरील एक बटण दाबून ती भरून काढावी, असें कित्येकांचें मत आहे. तें सोईचें आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि वेळूच्या लांब बांसरीनें ती भरून निघेल कीं काय, याचा आपण एकवार विचार करावा, एवढीच आमची विनंति.

खोल स्वराच्या सुषिर वाद्यांचें वेड सुखासुखी पुरवितां येत नाहीं. स्वर एक सप्तक उतरवावयाचा तर नळीची लांबी दुप्पट करावी लागते. भोंकें दूर जातात, बोटें पुरत नाहींत, खर्च वाढतो. युरोपांतील काँट्राबसून या वाद्याची नळी सुमारें 18 फूट लांब. ती दुमडून बसविली म्हणूनच एका माणसाच्या हातीं राहते. त्याचा तळचा स्वर सेकंदास सुमारें 29 कंपनांचा, आणि माणसाच्या श्रवणाची सीमा 20 च्या आसपास! असा स्वर कानापेक्षां बांकाच्या फळीतून अधिक कळतो. तरीहि बीथोव्हननें 1808 सालीं आपल्या पांचव्या सिंफनीच्या शेवटच्या भागांत त्यास मुद्दाम जागा दिली.

ख्रिस्तमंदिरांचा या वेडाशीं जुना संबंध आहे. फ्रान्सांतील ओसेर येथील कॅनन एद्मे गियोम यांनीं 1590 च्या सुमारास 'सर्पंट' नांवाचें वाद्य काढलें, असें सांगतात. सुमारें 8 फूट लांबीची, सापासारखी वळविलेली, चामड्यानें मढविलेली लांकडी नळी. ओठ थरथरवून ती वाजवावयाची. तिचें काम लॅटिन स्तोत्रें गाणाऱ्या पुरुषांच्या आवाजाखालीं आधार धरण्याचें. तें तिनें दोनशें वर्षांहून अधिक काळ केलें. पुढें चाव्यांचीं, नेमक्या सुरांचीं वाद्यें आलीं आणि ती संग्रहालयांत गेली. दिसावयास हें ध्यान मोठें विनोदी. परंतु आपल्या गायकांस खालून कोणी तरी उचलून धरावें, हें एका धर्मसेवकास सुचलें, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. बारिसाल येथें 1911 सालीं जन्मलेले पन्नालाल घोष 1940 सालीं मुंबईस आले. त्या काळीं बांसरी म्हणजे आंखूड, लोकगीतांचें वाद्य. रागाच्या मंद्र सप्तकास ती पुरी पडत नसे. घोष यांनीं निरनिराळीं द्रव्यें तपासून शेवटीं वेळूच पसंत केला आणि 32 इंच लांबीची बांसरी सिद्ध केली. तेवढ्यानें समाधान न होऊन अधिक खोल स्वरांसाठीं 40 इंचांहून लांब अशी दुसरी बांसरीहि ते बाळगीत. काँट्राबसूनपुढें ती बालकच, हें खरें. पण तिला चाव्या नाहींत, सर्व भार बोटांवर. 1960 सालीं ते वारले. आज मैफलींत जी लांब बांसरी सर्वत्र दिसते, ती त्यांच्याच हट्टाची देणगी होय.

अडचण वेळूचीच आहे. बांसरीच्या पोटांत गांठ चालत नाहीं. एवढें लांब, सरळ आणि पातळ सालीचें एक पेरें मिळावें लागतें. आसामांत तसा वेळू होतो. तो नीट वाळवावा लागतो, मग तापलेल्या सळईनें भोंकें पाडावयाचीं. एक भोंक चुकलें कीं सारें पेरें वायां. आम्हीं स्वतः गेल्या उन्हाळ्यांत दोन पेरीं वायां घालविलीं. तिसऱ्यांतून स्वर निघाला, पण बोटांचीं टोकें भोंकांवर पोहोंचेनात. मग एका जाणत्यानें दाखविलें कीं टोकांनीं नव्हे, बोटांच्या मधल्या पेरांनीं भोंकें झांकावयाचीं. तें साधल्यावर आम्हीं उत्साहानें जोरांत फुंकलें, तों स्वर एकदम सप्तकभर वर उडाला. खालचा स्वर हळू फुंकरीनेंच येतो, हें समजावयास आम्हांस पंधरवडा लागला.

उपासनेंत हें चालेल काय, अशी शंका कोणी काढील. पोप दहावे पायस यांनीं 1903 च्या आज्ञापत्रांत, बिशपांच्या अनुमतीनें कांहीं मोजकीं सुषिर वाद्यें विवेकानें वापरण्यास वाव ठेविला होता. आणि 1963 सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ऑर्गनचा मान राखून इतर योग्य वाद्यांसहि अनुमति दिली. पवित्र सप्ताहांत गुरुवारच्या ग्लोरियापासून पास्काच्या जागरणविधीच्या ग्लोरियापर्यंत तर वाद्य केवळ गायनास आधार देण्यापुरतेंच वाजवावयाचें असतें. त्या दिवसांत बटणाचा आवाज आमच्या कानीं फार कोरडा लागतो. हें मत आमचें. फादरांचा निर्णय तो शेवटचा.

तो येईपर्यंत सराव थांबवूं नये. तिसरी बांसरी गायनमंचाच्या कपाटांत, ओल्या फडक्यापासून दूर ठेविली आहे. ज्या मुलांचीं बोटें लांब असतील त्यांनीं गुरुवारीं सायंकाळीं प्रार्थनेनंतर यावें. मुलींनींहि यावें, ज्यांचीं बोटें आमच्याहून लांब आहेत अशा दोघी आम्हीं हेरून ठेविल्या आहेत.