घरांची ऊब आणि स्थानिक संस्थांचें कर्तव्य

फुटक्या घागरींत कितीहि पाणी ओतलें तरी ती भरत नाहीं. इंग्लंडांतील पुष्कळ घरांची हिंवाळ्यांत हीच अवस्था होते. तेथें बहुतेक घरें नैसर्गिक वायु जाळून उबदार राखतात. वायु जळतांना कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, निर्माण होतो व पृथ्वीचें तापमान वाढण्यास कारण होतो. मिळविलेली ऊब मात्र छपरावाटे आणि भिंतींवाटे निघून जाते. म्हणून आणखी वायु जाळावा लागतो. कारखान्याच्या धुराबद्दल एका मालकास जाब विचारतां येतो. परंतु घरें असंख्य आणि त्यांचे मालकहि असंख्य. अशा ठिकाणीं स्थानिक संस्थेनें काय करावें?

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशरमध्यें कर्कलीज नांवाचा विभाग आहे. उंची लोकरी कापडाबद्दल ख्यात असलेलें हडर्सफील्ड हें त्यांतील मुख्य शहर. माणसांस लोकर पुरविणाऱ्या या भागाच्या कौन्सिलनें 2007 ते 2010 या काळांत घरांनाच लोकर पांघरविली. ही लोकर मेंढीची नव्हे; कांच किंवा खडक वितळवून काढलेल्या तंतूंची. माळ्यावर तिचा जाड थर अंथरला कीं वर जाणारी ऊब अडते. दुहेरी भिंतींमधील पोकळींत, बाहेरून लहान भोंकें पाडून, ती भरली कीं भिंतहि ऊब धरून ठेवते.

हा उपाय नवा नव्हता. तो घरोघर पोंचत नव्हता एवढेंच. सामान्यतः अशा मदतीसाठीं आपलें दारिद्र्य सिद्ध करावें लागे. स्वाभिमानी वृद्धा अर्ज करीत नसे, आणि मर्यादेहून किंचित् अधिक मिळकत असणारास कांहींच मिळत नसे. कर्कलीजनें मिळकतीची अटच काढून टाकली. योग्य अशा कोणत्याहि घरास हें काम विनामूल्य करून मिळे. अर्जांची वाट न पाहतां योजनेचीं माणसें एकेक भाग घेऊन दारोदार गेलीं. खर्चाचा भार कौन्सिलनें आणि एका वीज-वायु कंपनीनें मिळून उचलला. उत्सर्जन कमी करण्याचें बंधन अशा कंपन्यांवर कायद्यानेंच होतें. तीन वर्षांत 50,000 हून अधिक घरें अशा रीतीनें सुधारलीं.

श्रीमंतांस फुकट कां द्यावें, हा आक्षेप रास्त आहे. परंतु गरीब कोण हें निवडण्यांतहि पैसा व वेळ जातो, आणि ज्यास मागण्याची लाज वाटते तोच नेमका वगळला जातो. सर्वांचेंच दार ठोठावलें म्हणजे कोणाचीच गरिबी चव्हाट्यावर येत नाहीं.

या उपायास मर्यादाहि आहेत. तेथील जुन्या दगडी घरांच्या भिंती भरीव असतात. त्यांत पोकळीच नसल्यानें भरणी होत नाहीं. पावसाचा मारा सोसणाऱ्या भिंतींत अविचारानें भरणी केली तर ओल धरते. म्हणून आधीं तपासणी हवी. शिवाय ऊब टिकली म्हणून वायु जाळणें थांबत नाहीं. तें केवळ कमी होतें.

महाराष्ट्रांत प्रश्न उलटा आहे. येथें वैशाखांत गच्ची तापते, आणि खालच्या खोल्या थंड करण्यास लागणारी वीज बहुतांशीं कोळसा जाळूनच निर्माण होते. गच्चीस पांढरा रंग दिला तरी उन्हाचा बराच भाग परत जातो. उपाय भिन्न, पण धडा एकच: घागरींत पाणी वाढविण्याआधीं तिचें छिद्र बुजवावें, आणि तें बुजविणारानें लोकांच्या अर्जांची वाट न पाहतां त्यांच्या दाराशीं जावें.