जीवनसत्त्वांचा अतिरेक आणि हृदय

‘अन्नांतलेंच सत्त्व तें; थोडें अधिक घेतलें तर काय बिघडलें?’ जीवनसत्त्वांच्या गोळ्या नित्य घेणाऱ्या घरांतून हा प्रश्न पुष्कळदां ऐकूं येतो.

‘ई’ जीवनसत्त्वाचीच हकीकत पाहा. १९४६ च्या सुमारास कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत शूट नांवाच्या डॉक्टर बंधूंनीं, तें मोठ्या प्रमाणांत दिल्यास हृदयविकार हटतो, असा पुकारा केला. पुढें त्याची कसोटी लावण्यांत त्याच प्रांतांतील हॅमिल्टनचे संशोधक अग्रेसर होते. रक्तवाहिन्यांचा विकार किंवा मधुमेह असलेले, ५५ वर्षांवरील रुग्ण घेतले. निम्म्यांस दररोज ४०० एककें ‘ई’, निम्म्यांस तशीच दिसणारी निःसत्त्व गोळी. कोणास कोणती, हें डॉक्टरांसही ठाऊक नाहीं! सुमारें सात वर्षांचा हिशेब २००५ सालीं प्रसिद्ध झाला. हृदयाचे झटके कमी झाले नव्हतेच. उलट हृदयाची रक्त लोटण्याची शक्ति उणावण्याचा विकार ‘ई’ घेणारांत सुमारें १३ टक्क्यांनीं अधिक आढळला.

प्रौढ माणसाची रोजची गरज १५ मिलिग्रॅम, म्हणजे अवघीं २२ एककें. शेंगदाणे, बदाम, सूर्यफुलाचें तेल यांतून तीं मिळतात. शिवाय हें सत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळणारें; जास्त झालेलें ‘क’ जसें लघवीवाटे निघून जातें तसें हें जात नाहीं, मेदांत सांठतें. घरांत कोणी हृदयाचा रुग्ण असल्यास बाटलीवरील आंकडा आजच वाचा, आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवा.