पिवळ्या फांदीचे कारण



मोसंबीचा रस पिताना आपण साखर पुरेशी आहे की नाही एवढेच पाहतो; झाडाची प्रकृती विचारण्याचे आपणांस कारण पडत नाही. आज तीच विचारू.

दक्षिण चीनमधील बागाईतदार एका रोगाला ‘हुआंगलोंगबिंग’ म्हणत. पिवळ्या फुटव्याचा रोग, असा त्याचा अर्थ. हिरव्यागार झाडातील एखादीच फांदी पिवळी पडते, मग दुसरी. फळे वाकडी व कडवट होतात, बुडाशी हिरवीच राहतात, आणि काही वर्षांत झाड जाते. कोणी म्हणे मुळाशी पाणी साचते, कोणी म्हणे जस्त कमी पडते. जस्ताचा पक्ष दुबळा नव्हता. पाने दिसत तशीच! आपल्याकडेही शेंड्यापासून वाळणाऱ्या झाडांचा दोष बरेचदा जमिनीच्याच माथी मारला जाई.

लिन कोंगशियांग यांनी रोगी झाडाचे डोळे निरोगी रोपांवर बांधले. रोपे पिवळी पडली. १९५६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. मातीचा दोष काही डोळ्यातून जात नाही! जस्ताची उणीव खोटी नव्हती. पण ती रोगाचे कार्य होती, कारण नव्हे. पान नीट पाहिले तरी भेद कळतो. नुसत्या उणिवेत मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पिवळेपणा सारखा असतो. या रोगात एका अंगाला एक, दुसऱ्याला भलतेच.

पण कलम माणूस बांधतो. मग लावून झालेल्या बागेत रोग पसरतो कसा? याचा उलगडा १९६७ साली पुण्यात कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कोवळ्या फुटीवर बसणारी, तिळाएवढी सायला कीड तो वाहून नेते. पुणेकर ही गोष्ट सांगत कसे सुटले नाहीत, याचे मला नवल वाटते. असो. जस्त फवारणाऱ्याची पाने थोडी हिरवी होत, तो निश्चिंत होई, आणि त्याच्या झाडावरची कीड शेजाऱ्याची बाग बुडवी.

तोवर हा विषाणू समजला जाई. १९७० साली फ्रान्समध्ये बोव्हे आणि लाफ्लेश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अन्नरस वाहणाऱ्या नलिकांत जंतू दिसले. पुढे पेनिसिलिन दिल्यावर रोपांची लक्षणे ओसरली. पेनिसिलिन जंतूच्या भिंतीवर घाव घालते. विषाणूला भिंतच नसते. १९९४ साली जनुकांवरून जंतूला नाव मिळाले. मात्र कॉखची अट अशी, की जंतू वेगळा काढून शुद्ध वाढवावा आणि त्यानेच पुन्हा रोग निर्माण करावा. हा जंतू झाडाबाहेर शुद्ध स्वरूपात टिकवून वाढवणे अद्याप साधलेले नाही. म्हणून त्याच्या नावाआधी शास्त्रज्ञ आजही ‘कँडिडेटस’, म्हणजे उमेदवार, हा शब्द लावतात.