हाडाच्या पोकळीतली चरबी



मटणाची नळी फोडली की आतून लोण्यासारखा फिकट, तेलकट गर निघतो. त्याच बोकडाच्या मणक्याचा तुकडा पाहा, आतला भाग लालसर दिसेल. जनावर एकच, पण मज्जा दोन तऱ्हेची. आपल्या अंगातही तसंच आहे.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या जवळजवळ सगळ्या हाडांत लाल, म्हणजे रक्तपेशी घडवणारी मज्जा असते. तिच्या जागी चरबी यायला सुरुवात होते ती हातापायांच्या बोटांपासून. मग ती हळूहळू धडाकडे सरकते. साधारण पंचविशीत लाल मज्जा उरते ती कवटी, मणके, बरगड्या, छातीचं मधलं हाड, कमरेचं हाड आणि मांडीच्या व दंडाच्या हाडांचा वरचा भाग एवढ्यांतच. या लाल मज्जेतही सुमारे ४० टक्के चरबी असते, चरबीनं भरलेल्या पिवळ्या मज्जेत ती ८० टक्क्यांच्या घरात जाते.

हा क्रम १८८२ मध्ये मांडला तो कोनिग्सबर्गच्या एर्न्स्ट नॉयमन यांनी. रक्त हाडांत तयार होतं, हे १८६८ मध्ये सांगणारेही तेच. पण चरबी टोकालाच का? शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९३६ मध्ये केलेला प्रयोग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतो. उंदराच्या शेपटीच्या मणक्यांत पिवळी मज्जा असते. त्यांनी शेपटी वाकवून तिचं टोक उंदराच्याच पोटात बसवलं. पोटाच्या उबेत गेलेल्या मणक्यांत लाल मज्जा तयार झाली, बाहेर राहिलेले मणके पिवळेच राहिले. अर्थात, नुसत्या उबेनं सगळं उलगडत नाही. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्यात खोलवर असतो, तरीही तिथे चरबी फार लवकर भरते.

शिवाय ही चरबी सगळीकडे सारखी वागतही नाही. १९७६ मध्ये मेहदी तवस्सोली यांनी सशांना लाल पेशी फोडणारं औषध दिलं. रक्ताची निकड निर्माण होताच लाल मज्जेतल्या चरबीपेशी जागा सोडून गेल्या. पिवळ्या मज्जेतल्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. म्हणून 'मज्जेतली चरबी' असं सरसकट बोलणं मला पटत नाही. कुठल्या हाडातली, हे आधी विचारायलाच हवं.

दवाखान्यात हा प्रश्न रोजचा आहे. मोठ्या माणसाची मज्जा तपासायला सुई कमरेच्या हाडात घालतात, पायाच्या नळीत नाही. तिथल्या नमुन्यात रक्त घडवणाऱ्या पेशी किती असाव्यात, याचा पॅथॉलॉजिस्ट मंडळींचा ढोबळ आडाखा असा: शंभरातून वय वजा करा. म्हणजे सत्तरीच्या आजोबांच्या मज्जेत ३० टक्केच पेशी दिसल्या आणि बाकी चरबी, तर तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. तोच अहवाल विशीतल्या मुलाचा असेल, तर डॉक्टर लगेच पुढच्या तपासाला लागतात.

दीर्घकाळ रक्त कमी राहिलं तर पिवळी मज्जा पुन्हा लाल होऊ लागते, आणि तीही उलट्या क्रमानं: आधी मणके आणि कंबर, नंतर हातपाय. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचे, म्हणजे रक्त सतत कमी पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण बरेच आहेत. अशा रुग्णाच्या गुडघ्याचा एमआरआय काढला, तर एरवी पिवळी असणारी मज्जा तिथे लाल दिसू शकते. तो हाडाचा नवा आजार नव्हे. कमी पडणारं रक्त भरून काढायला ते हाडही पुन्हा कामाला लागलेलं असतं.