दुसरा तास



कामगारांनी इतिहास कसा शिकावा, ह्या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर झाले. ह्या तिसऱ्या शाळेविषयी, म्हणजे विद्यापीठांच्या ऑनलाइन उन्हाळी अभ्यासक्रमांविषयी, मी चार शब्द सांगणार आहे.

उन्हाळ्यात चार लोकांनी जमून शिकावे ही कल्पना आपल्याला परकी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती ह्याच हेतूने. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८८८ साली, ऑक्सफर्डने विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी पहिला उन्हाळी मेळावा भरविला. आता तर घरबसल्या शिकता येते. कोर्सेरा आणि एडएक्स ही परदेशी व्यासपीठे २०१२ साली निघाली; आपल्या सरकारचे ‘स्वयम्’ २०१७ साली आले; आणि २०२० च्या साथीत ठिकठिकाणचे उन्हाळी वर्गही पडद्यावर भरू लागले. ज्या विद्यापीठाच्या फाटकाशी आम्हांला कोणी उभे केले नसते, तिथल्या प्राध्यापकाचे व्याख्यान आज आमचा फिटर जेवणाच्या सुट्टीत ऐकतो. कित्येक अभ्यासक्रम ऐकावयास फुकट असतात, प्रमाणपत्र हवे असेल तर पैसे पडतात. ही सोय लहान नव्हे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या अशा अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. नाव नोंदविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक वर्गात एकदाही डोकावले नव्हते. आणि २०१७-१८ साली अभ्यासक्रम पुरा करणारे शेकडा तीनच्या आसपास होते. कोणी म्हणेल, लोकांना चिकाटी नाही. जो माणूस आठ तास यंत्रावर उभा राहतो, त्याच्या चिकाटीविषयी मला शंका घेता येत नाही. माझ्या मते ह्या वर्गात पहिला तास आहे, दुसरा तास नाही.

दुसरा तास म्हणजे काय, ते सांगतो. इंग्लंडात १९०३ साली आल्बर्ट मॅन्सब्रिज नावाच्या एका कारकुनाने कामगारांच्या शिक्षणासाठी संघटना काढली. तिच्या आणि ऑक्सफर्डच्या सहकार्याने जानेवारी १९०८ मध्ये दोन वर्ग सुरू झाले. एक लाँगटन ह्या कुंभारकामाच्या गावी, दुसरा रॉचडेल ह्या कापडगिरण्यांच्या गावी. शिक्षक होते आर. एच. टॉनी. वर्गाचा नियम असा होता की माणसे तीसपर्यंतच घ्यावयाची, आणि त्यांनी तीन वर्षे टिकावयाचे. दर बैठक दोन तासांची. पहिला तास शिक्षक बोलणार, दुसरा तास विद्यार्थी वाद घालणार. शिवाय दर पंधरवड्याला निबंध. टॉनींचा सोळाव्या शतकातील शेतजमिनीच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९१२ साली निघाला, तेव्हा आपल्याला घडविणाऱ्या विणकर, कुंभार, खाणकामगार आणि यंत्रकामगारांचे ऋण त्यांनी प्रस्तावनेत मान्य केले. पुढे ई. पी. टॉमसन यांनी १९४८ पासून लीड्स विद्यापीठातर्फे असेच प्रौढांचे वर्ग चालविले, आणि इंग्रज कामगारवर्गाच्या घडणीवरचा आपला १९६३ चा ग्रंथ त्याच काळात लिहिला. म्हणजे दुसऱ्या तासात शिष्य शिकला, तसा गुरूही शिकला.

आम्ही गेल्या उन्हाळ्यात हा प्रयोग आमच्या कचेरीत करून पाहिला. अकरा जणांनी मिळून इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीवरचा सहा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम घेतला. तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा इकडे रात्रीचे साडेदहा होतात, आणि दुसऱ्या पाळीची माणसे तेव्हा खात्यात असतात. म्हणून आम्ही ध्वनिचित्रफीत रविवारी सकाळी एकत्र पाहात असू. इंग्रजी ज्याला येते त्याने थांबवून थांबवून मराठीत सांगावयाचे, आणि मग तासभर वाद.

एका रविवारी विषय निघाला लँकेशायरच्या कापूस-दुष्काळाचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस येईना, गिरण्या थांबल्या, कामगार उपाशी राहिले. व्याख्यान तिथे संपले. आमच्यातला एक खानदेशचा. तो म्हणाला, “तिकडे कापूस नव्हता, तर आमच्या कापसाचे काय झाले?” पुढचे आम्ही वाचनालयातून शोधून काढले. मुंबईत कापसाचे भाव भडकले, पैशाचा पूर आला, सट्टा माजला, आणि १८६५ साली युद्ध संपताच पेढ्या बुडाल्या. रॉचडेलची भूक आणि मुंबईची चैन एकाच गाठोड्यातली होती. पडद्यावरच्या प्राध्यापकाने तेवढे सांगितले नव्हते, कारण त्याच्यापुढे खानदेशचा माणूस बसलेला नव्हता.

ह्याची निकड काय, असे आपण विचाराल. आज प्रत्येकाच्या खिशात इतिहास येऊन पडतो, तोही फॉरवर्ड केलेला. अशाच एका निरोपावरून आमच्या खात्यात एका यंत्रावरचे दोन जोडीदार आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. युनियन मोडण्यास मालकाला फार खटपट करावी लागत नाही, असले चार निरोप पुरतात. म्हणून आम्ही नियम केला की कोणताही मजकूर आला की तीन प्रश्न विचारावयाचे. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि त्याला ते कसे कळले?

हे प्रश्न आम्ही आपल्या आवडत्या समजुतींनाही लावतो. एक जण म्हणाला, रविवारची सुट्टी साहेबाने दिली, त्याला चर्चला जावयाचे होते म्हणून. मग शोध सुरू झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. त्यात आठवड्याची सुट्टी मागितली होती. आणि ती गिरणीमालकांकडून मिळाली १० जून १८९० रोजी. साहेबाचा रविवार जुनाच होता, पण गिरणीकामगाराचा रविवार सहा वर्षे भांडून मिळालेला आहे. हे कळल्यावर त्या माणसाने त्याच रविवारी सुट्टीचा उरलेला दिवस वाचनालयात काढला.

माझी विनंती एवढीच आहे. ह्या मे महिन्यात दहा माणसांनी मिळून एक अभ्यासक्रम निवडा. बैठक वाचनालयात भरवा, कोणाच्या ओसरीवर भरवा, आमची कचेरीही रविवारी उघडी असते. एक वही ठेवा आणि आपले प्रश्न तिच्यात उतरवा. माझ्या व्याख्यानाचा तास आता संपला आहे. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल, तर मी इथेच थांबतो. ज्यांना माझे म्हणणे पटले नाही, त्यांनी आधी बोलावे.