टाकीत हात गेला पाहिजे

रेडिओ केंद्रानं मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'उन्हाळ्यात पाळीव पक्ष्यांची काळजी'. पिंजरा सावलीत ठेवावा, पाणी दोनदा बदलावं, आंघोळीला पसरट थाळी द्यावी, हे तुम्ही करताच. ते मी सांगत बसत नाही. मी आज एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे.

गेल्या काही उन्हाळ्यांत आमच्या बिदरमध्ये मैलूरला, नौबादला, तिकडं भालकीपर्यंत बऱ्याच घरांत एक लहानसं यंत्र आलंय. पाणी भरायचं, बटण दाबायचं, की धुक्यासारखा फवारा निघतो. ह्युमिडिफायर. लोक फोन करतात, "काका, लव्हबर्डच्या खोलीत कोणता ठेवावा?" मी त्यांना आधी एकच विचारतो. त्याच्या टाकीत तुमचा हात जातो का?

हे वाक्य मी आज पुन्हापुन्हा म्हणणार आहे. कुणी मधेच रेडिओ लावला असेल, कुणी चुलीपाशी असेल, त्यांच्याही कानावर ते पडायला हवं. टाकीत हात गेला पाहिजे.

का, ते माठावरून सांगतो. आपण माठ घेताना काय करतो? टिचकी मारून आवाज ऐकतो, आत वास घेऊन बघतो, आणि घरातली जाणती बाई तोंडातून हात घालून आतली बाजू चाचपते. हात आत गेला नाही तर तो माठ ती घेत नाही, कितीही सुबक असो. कारण चार दिवसांनी आतून बुळबुळीत झाल्यावर घासायचा कसा? माठाला लावता तीच परीक्षा या यंत्राला लावा.

आता यंत्रांचे प्रकार. मुख्य तीन समजून घ्या.

एक माठासारखा. त्यात ओली वात किंवा जाळी असते आणि मागं पंखा. पाणी आपसूक हवेत जातं, क्षार जाळीतच अडकतात. माठाच्या बाहेरून पांढरा खार फुटतो ना, तसाच. पाणी गेलं, खार मागं राहिला. पक्ष्यांच्या खोलीत माझी पहिली पसंती याला. फवारा डोळ्यांना दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं यंत्र बिघडलंय. बिघडलेलं नसतं. जाळी मात्र वेळच्या वेळी बदलायची.

दुसरा अल्ट्रासॉनिक, ज्यातून ते देखणं धुकं निघतं. त्यात एक चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक कण करून उडवते. इथं पाण्याची वाफ होत नाही, पाणीच उडतं. त्यात जे असेल ते सगळं उडतं, क्षारही आणि बुळबुळीत थरातले जंतूही. बोअरचं पाणी घातलंत तर दोन दिवसांत टीव्हीवर पांढरी भुकटी बसलेली दिसेल. टीव्ही पुसता येतो, पक्ष्याची छाती आतून पुसता येत नाही. घरात हाच असेल तर त्यात आरओचं पाणी घाला. उकळून घातलं तर चालेल का, असं विचारतात. उकळल्यानं जंतू मरतात, पण सगळे क्षार जात नाहीत.

तिसरा पाणी तापवून वाफ सोडणारा. तो पक्ष्यांच्या खोलीत नको. उडता पक्षी त्यावर बसला तर भाजतो. शिवाय काही तापत्या भांड्यांना आतून नॉनस्टिकचा लेप असतो. तो लेप फार तापला की त्यातून जो वायू निघतो, त्यानं पक्षी काही मिनिटांत मरतो, आणि माणसाला वासही येत नाही. डोश्याचा नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहिला आणि स्वयंपाकघराशेजारचे बजरीगर, ज्यांना आपण लव्हबर्ड म्हणतो, ते गेले, असं घडतं. विकत घेताना दुकानदाराला लेपाचं विचारा. त्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका.

आणि चौथी गोष्ट, यंत्रावर 'आयन', 'ओझोन' असं लिहिलं असेल तर ते खाली ठेवा. ओझोन पक्ष्याच्या छातीला झोंबतो.

पक्ष्याची छाती इतकी नाजूक का? बहुतेक पक्ष्यांना फुफ्फुसांशिवाय नऊ हवेच्या पिशव्या असतात, पोटापर्यंत पसरलेल्या. हवा आपल्यासारखी आत जाऊन त्याच वाटेनं परत येत नाही. ती फुफ्फुसातून एकाच दिशेनं वाहते, श्वास घेतानाही ताजी आणि सोडतानाही ताजी. म्हणून तो तासन्‌तास उडू शकतो, आणि म्हणूनच हवेतलं वाईटही आपल्याआधी त्याला लागतं. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून विलायतेतल्या कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेत, ते थेट १९८६ सालापर्यंत. पक्षी कलंडला की माणसं बाहेर पळत. घरातल्या बजरीगरचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. त्याला बाहेर पळता येत नाही. तुम्ही दिलेली हवाच त्याला घ्यावी लागते.

गेल्या चैत्रातली गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीतली कॉलेजात जाणारी मुलगी बुटाच्या खोक्यात कॉकटील पक्षी घेऊन आली. "काका, हा कालपासून शीळच घालंना बघा." मी बघितलं. श्वासागणिक त्याची शेपटी खालीवर होत होती, चोच उघडी. मी पशुसंवर्धन खात्यात तीस वर्षं काढली, कोंबड्यांच्या शेडमध्ये ही शेपटी फार बघितलीय. दमट तुसावर बुरशी धरली की पिलं अशीच धापतात. ब्रूडर न्यूमोनिया म्हणतात त्याला. कुक्कुटपालक ऐकत असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मी तिला लगेच नंदीनगरला, आपल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी बुरशीचा संसर्ग सांगितला आणि विचारलं, खोलीत काय काय चालू असतं?

संध्याकाळी ती ते यंत्र माझ्याकडं घेऊन आली. बाहेरून स्वच्छ, पांढरंशुभ्र. तोंड एवढंसं, की माझी दोन बोटं जेमतेम आत गेली. बोटं फिरवली तर आतून सायीसारखा थर, हाताला बुळबुळीत. बाहेर काढली तर बोटांवर गुलाबीसर काहीतरी, आणि साठल्या पाण्याचा कुबट वास. ती म्हणाली, "काका, मी रोज पाणी भरते की." भरत होती. धूत नव्हती. धुणार तरी कशी? हातच आत जात नव्हता. पोरीचा दोष नाही त्यात. ते भांडंच धुण्याजोगं नव्हतं.

दीड महिना औषध चाललं. पक्षी वाचला. आवाज मात्र पहिल्यासारखा झाला नाही.

म्हणून म्हणतो, टाकीत हात गेला पाहिजे. रोज उरलेलं पाणी ओतून द्या, टाकी आतून पुसा, कोरडी करा, मग ताजं भरा. माठातलं शिळं पाणी आपण झाडांना घालतो ना, तसं. आठवड्यातून एकदा लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर पाण्यात घालून अर्धा तास ठेवा, घासा, दोन-तीनदा विसळा, उन्हात पालथी घाला. हे मोरीत करा, पक्ष्याच्या खोलीत नको. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीचिंग कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो, माणसालाही.

एका ठिकाणी मात्र माठाची रीत सोडा. माठात आपण वाळ्याची जुडी घालतो, पाण्याला गंध येतो. यंत्रात काही घालायचं नाही. वाळा नाही, निलगिरीचं तेल नाही, कापूर नाही, यंत्राबरोबर फुकट मिळणारी सुगंधाची बाटली तर नाहीच नाही. पाण्याखेरीज काही नाही. आणि त्याच खोलीत मच्छरांची अगरबत्ती जळते, गुरुवारी ऊद-धूप होतो, त्याचं काय? श्रद्धा असू द्या, पण धूप देवघरात. पक्षी त्या वेळी दुसऱ्या खोलीत, मधलं दार लावलेलं.

आता किती दमटपणा हवा? आपला बिदरचा माळ उंच, मार्च-एप्रिलमधली दुपार कोरडीठाक. एक लहान आर्द्रतामापक घ्या, घड्याळाएवढा असतो. काटा चाळीस ते साठच्या मधे राहू द्या. साठच्या वर गेला, खिडकीच्या काचेवर पाणी धरलं, भिंतीला काळे ठिपके आले, तर यंत्र बंद. जास्त ओल म्हणजे पुन्हा बुरशीच. पक्षी कोणता तेही बघा. बजरीगर आणि कॉकटील हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले. त्यांना थोडक्यात भागतं, कित्येक घरी आंघोळीची थाळी आणि पंख्यासमोर ओलं फडकं एवढंच पुरतं. आफ्रिकन ग्रे पावसाळी जंगलातला, त्याला कोरडी हवा जास्त बाधते. आणि गळ्याला लाल कंठ असलेला आपला हिरवा पोपट कुणी पिंजऱ्यात ठेवला असेल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो पाळता येत नाही. वनखात्याशी बोला.

यंत्र पिंजऱ्यापासून लांब, फवारा पिंजऱ्यावर नको, वायर चोचीच्या टप्प्यात नको. धातूचंही सांगतो. आपल्या बिदरीच्या सुरईत मुख्य धातू जस्त. शोभा मोठी, पण तेच जस्त कुरतडून पोपटाच्या पोटात गेलं तर विष. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचंही तसंच, आणि असा पत्रा कुठं असतो, तर…

हो, कूलर. हे राहूनच चाललं होतं. ज्यांच्याकडं कूलर आहे त्यांच्याकडं मोठा ह्युमिडिफायर आहेच, वेगळा घेऊ नका. पण गेल्या वर्षीचं गवत तसंच ठेवून कूलर चालू करणारी घरं मला माहीत आहेत. त्या गवतात काय वाढलंय ते बघितलंय का कुणी? दरवर्षी नवं गवत घाला. डासांसाठी टाकीत रॉकेल टाकणारेही आहेत. पक्षी असेल तर तसलं काही नको. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून सुकवा. डासही होत नाहीत, बुरशीही नाही. कूलर कुठल्या खिडकीला लावावा, रात्री चालू ठेवावा का, हेही सांगायचं होतं, पण काचेपलीकडून वेळ झाल्याची खूण होतेय.

मग शेवटचं. उद्या बिदरच्या बाजारात जाल तेव्हा त्या यंत्राचं झाकण काढायला सांगा. दिवे किती रंगांचे लागतात ते बघू नका. बाही वर सारा आणि हात आत घाला. तळापर्यंत पोचला तर घ्या. नाही पोचला तर त्याच पैशात रुंद तोंडाचा माठ आणा, पक्ष्याच्या खोलीत पंख्याजवळ ठेवा, पक्षी आत पडू नये म्हणून झाकणी घाला. आणि तोही रोज धुवा.