शारदेला विचारले कुणी?

(‘जुन्या मराठी रंगभूमीवरील स्त्री’ या विषयावर औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या शहराने मराठी रंगभूमीला ‘जिगीषा’सारखी नाट्यसंस्था दिली, त्या शहरात नाटकावर बोलायचे म्हणजे जाणकारांपुढे उभे राहणेच होय. म्हणून मी नाट्यकलेची चर्चा करणार नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी ज्या नायिकांसाठी अश्रू ढाळले, त्यांतील दोघींविषयी मी बोलणार आहे. एक देवलांची शारदा आणि दुसरी गडकऱ्यांची सिंधू.

‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले ते १८९९ साली. त्याआधी आठ वर्षे, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला होता. मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या त्या कायद्याने महाराष्ट्रातील सुशिक्षित समाज अक्षरशः दुभंगला होता. सरकारने आमच्या घरात लक्ष घालावे का, यावर सभा गाजत होत्या, वृत्तपत्रांचे रकाने भरत होते. अशा वेळी गोविंद बल्लाळ देवलांनी त्या वादाचा उच्चारही न करता एक मुलगी लोकांसमोर उभी केली. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो आणि भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. हे पाहून प्रेक्षक हसले आणि हसता हसता गहिवरले. सभांत एकमेकांचे तोंड न पाहणारे लोकही हे नाटक पाहत होते. समाजाला त्याचाच दोष आपलेपणाने दाखवला, तर तो पाहतो, हे देवलांनी सिद्ध केले.

परंतु एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. शारदेचे ते लग्न मोडते कशामुळे? तिला ते नको आहे, म्हणून नव्हे. तिची आई इंदिराकाकू व्याकूळ आहे, म्हणूनही नव्हे. वधू-वर सगोत्र आहेत हे कोदंड उघड करतो, म्हणून ते मोडते! गोत्र निराळे असते तर? तर त्या मांडवात बसलेल्या एकाही सज्जनाला अक्षता टाकायला अडचण नव्हती. नको असलेल्या लग्नातून मुलगी सुटते, तरी तिच्यापुढे नदीखेरीज वाट उरत नाही. पुढे कोदंड तिला वाचवतो आणि श्रीशंकराचार्यांच्या अनुज्ञेने ती मार्गी लागते. शेवट गोड आहे, पण संपूर्ण नाटकात तिच्या इच्छेला निर्णायक किंमत कुठेच नाही. देवलांनी हे मुद्दाम केले की नाही, हा अभ्यासकांचा विषय आहे. मला मात्र नाटकातील सर्वांत झोंबणारी गोष्ट हीच वाटते.

आता सिंधूकडे वळू. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास झाला. तो पाहायला गडकरी नव्हते. महिन्याभरापूर्वीच, २३ जानेवारीला, ते निवर्तले होते. बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्राने डोळे भरून पाहिली. नवरा मद्याच्या आहारी गेला तरी ती माहेरच्या श्रीमंतीचा आधार नाकारते आणि दळण दळून संसार चालवते. त्याच्या हातून तान्हे मूल जाते, तिच्यावर घाव पडतो, तरी मरतानाही ती त्याच्याविरुद्ध शब्द काढत नाही. याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती दारूविरुद्ध तोंडावर बोलते, भांडते. प्रेक्षक गीतेला हसले आणि त्यांनी पूजा सिंधूची केली.

सिंधूची निष्ठा थोर आहे, यात शंका नाही. त्याग हे आपल्या कुटुंबसंस्थेचे अधिष्ठान आहे, हे मीही मानतो. परंतु जिला दुसरा मार्गच उपलब्ध नाही, तिच्या सोसण्याला त्याग म्हणावे का? त्याग करणाऱ्याला आधी निवड करता आली पाहिजे. शिवाय त्याग घराघरांत एकाच बाजूने होत असेल, तर तो संस्कार न राहता सोय होतो. येथे बसलेल्या प्रत्येक पित्याने स्वतःला विचारावे, माझ्या लेकीने सिंधूसारखे मरावे असे मला वाटते काय? वाटत नसेल, तर तिला गीतेसारखे बोलायला आपण शिकवले आहे काय?

आणखी एक विसंगती पाहा. या दोन्ही नायिका रंगमंचावर साकारल्या त्या पुरुषांनी! कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणे समाजाला मान्य नव्हते. स्त्रीचे दुःख पाहायला चालत होते, ते तिने स्वतः सांगणे चालत नव्हते. १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्री-पुरुषांना एकत्र उभे केले. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी बिंबा साकारली. पावित्र्याची अट वधूलाच का, वराला का नाही, हा त्या नाटकाचा प्रश्न होता. पुढे १९४२ मध्ये रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त त्यांनीच भानुमती उभी केली. घरातील स्त्री मिळवती झाली की पुरुषाचा अहंकार कसा दुखावतो, हे प्रेक्षकांनी त्यात पाहिले. तो प्रश्न आज तरी सुटला आहे का?

कुणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. बंधूंनो, तसे नाही. १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला. हरविलास सारडा यांच्या नावावरून तो ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला, हा नावाचा योगायोगच. २००६ मध्ये अधिक कठोर कायदा आला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते. आपल्या मराठवाड्यातील परभणी आणि बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर होते. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीचा एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाची उचल त्या जोडीवर मिळते. मागे गावात वयात येणारी मुलगी एकटी ठेवायची कशी, ही आईबापांची भीती खरी असते. तेथे कांचनभटाचा लोभ नाही, दारिद्र्य आणि असुरक्षितता आहे. पण मुलीला विचारण्याची पद्धत तेव्हाही नव्हती, आजही नाही. त्या मांडवात तर गोत्र तपासणारा कोदंडही नसतो. अशा लग्नाची पत्रिका आपल्या हाती आली, तर आहेर घेऊन जायचे की १०९८ या क्रमांकावर कळवायचे, हे आपल्याला ठरवावे लागेल. नातेवाईक रागावतील, हे गृहीत धरूनच ठरवावे लागेल. आणि मुलींसाठी गावातच वसतिगृह उभे राहत असेल, तर तेथे आपला वेळ आणि पैसा द्यावा लागेल.

याच शहरातून गेलेल्या प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९१ मध्ये ‘चारचौघी’ रंगभूमीवर आणले. त्यातील एक आई आणि तिच्या तीन मुली आपले निर्णय स्वतः घेतात व त्यांची किंमतही मोजतात. ते सर्व निर्णय आपल्याला पटतील असे नाही. मलाही पटत नाहीत. पण त्या चौघींना कुणीतरी येऊन सोडवावे लागत नाही. शारदेपासून येथवर यायला मराठी रंगभूमीला ब्याण्णव वर्षे लागली.

आज घरी गेल्यावर आपल्या मुलीशी, सुनेशी, बहिणीशी तिच्या शिक्षणाविषयी किंवा लग्नाविषयी बोला. तुला काय वाटते, एवढेच विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. ते आपल्या मनासारखे नसले, तरी ऐकून घ्या.